घरचं माणूस

गयामावशीच्या दारावर नोटीस लावायला नगरपालिकेचा शिपाई आला, तेव्हा त्याच्या डब्यातली खळ वाळून दगड झाली होती. तो दारात उभा राहून काडीनं डबा खरवडत होता. मावशी बाहेर आली, डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "थांब रं, करून देते." वाटीभर कणीक पाण्यात शिजवून तिनं त्याला ताजी खळ करून दिली. वर कपभर चहा दिला. कागद दारावर चिकटवल्यावर त्याचा एक कोपरा सुटत होता, तो तिनं स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बसवला. शिपाई सायकलवर टांग टाकून गेला तशी तिनं मला हाक मारली. "बाई, वाचून दावा बरं, काय लिवलंय आपल्याला."

मी तेव्हा माजलगावला शाळेत नवीनच लागले होते. मावशीच्या घरची पुढची खोली माझ्याकडं भाड्यानं होती. साखर कारखान्याच्या कामगारांनी मिळून काढलेल्या गृहनिर्माण सोसायटीतलं ते घर. सगळी घरं एकसारखी, पुढं पत्र्याची पडवी, दारात एखादं कडुलिंबाचं झाड. मावशीचे यजमान, अण्णा, कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायच्या कामाला होते. फार बोलायचे नाहीत. दोघांना मूलबाळ नव्हतं.

मी नोटीस वाचली. सदर भूखंड निवासी वापराचा असून तिथं शेवयांचा धंदा चालतो, अशी तक्रार आली आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर धंदा बंद करण्यात येईल. मावशीनं पुरतं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं आता ती चिडेल, नाहीतर रडेल. तिनं विचारलं, "निवासी म्हंजी?"

"राहण्यासाठीचं."

"मंग बरूबर हाय की. राहायालाच दिलीया जागा. धंदा करू का म्हून आपुन इचारलंच न्हाई कुणाला."

हे तिचं बोलणं मला त्या दिवशी कळलं नाही. ते कळायला तिचं माहेर कळावं लागतं. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या बाजूची ती, मेंढरंवाल्यांच्या घरातली. लग्न होईपर्यंत तिचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. आज या रानात, उद्या त्या रानात. "जमीन कधी आपली न्हवतीच बाई," ती सांगायची. "ज्याचं रान त्याला इचारायचं. त्यो हो म्हनला तर बसायचं. न्हाई म्हनला तर पुढं. इचारल्याबिगर आमच्या बापानं काठीसुदीक टेकवली न्हाई कुणाच्या बांधाला." म्हणून कुणाच्याही घरी गेली तरी ती उंबऱ्याबाहेर थांबायची, चौकटीला हात लावायची आणि विचारायची, "आत येऊ का?" शेजारच्या घरात दिवसातून चारदा गेली तरी चारदा विचारायची. स्वतःच्या घरातल्या माझ्या खोलीशीसुद्धा. लोक हसायचे. मीही हसत असे.

माहेराहून तिनं आणखी एक गोष्ट आणली होती, शीळ. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शीळ घालायची की पार कालव्यापर्यंत ऐकू जावी. सकाळी आठला पडवीत उभं राहून तिनं शीळ घातली की सोसायटीतल्या बाया कामाला निघायच्या. बाईमाणसानं शीळ घालावी याचं काही जणांना फार वाईट वाटे. ती म्हणायची, "नावं घेऊन हाका मारीत बसले तर अकरा हाका व्हत्यात. एवढ्यात काम व्हतंय."

त्या अकरा जणी तिच्याकडं आल्या त्या दुष्काळानं. त्या वर्षी धरणात पाणी राहिलं नाही. सिंदफणेचं पात्र उघडं पडलं, कालवा कोरडा, ऊस उभ्या जागी वाळून चाऱ्याला गेला. ऊस नाही म्हणून कारखान्याचा हंगाम झाला नाही. चिमणीतून धूर न निघालेलं ते वर्ष. सोसायटीतले निम्मे पुरुष हंगामी कामगार, ते सगळे घरी बसले. कुणी पुण्याकडं गेले, कुणी पारावर पत्ते कुटत राहिले. मावशीकडं आधीपासून शेवयांचं यंत्र होतं, दोन अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारं. उन्हाळ्यात लोक घरचे गहू घेऊन यायचे आणि शेवया करून न्यायचे. त्या वर्षी तिनं स्वतःच गहू घेतले आणि शेजारणीला म्हणाली, "ये, दोघी मिळून करू. पेठंत इकू." मग दुसरी आली, तिसरी आली. होता होता अकरा झाल्या.

पडवीत काय गलका असायचा! एक जण रवा मळतीय, एक यंत्रावर, दोघी बाजेवर शेवया पसरतायत. मी शाळेतून यायची तेव्हा दाराशी चपलांचा ढीग आणि आत एखादीची नक्कल चाललेली. सासूच्या, नवऱ्याच्या, माझ्यासुद्धा नकला व्हायच्या. घरी कुणाच्या पुढ्यात हसायची सोय नव्हती, ती इथं होती. त्यांच्यात सुमन नावाची एक होती, वीस-एकवीस वर्षांची. नवऱ्याचं काम गेलेलं आणि त्याची दारू वाढलेली. ती सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. नकला सगळ्यात छान तिच्याच.

तर नोटीस आली. बायांनी तक्रार कुणी केली याचा तासाभरात छडा लावला. समोरच्या घरातले भानुदासराव. कारखान्याच्या स्टोअरवरून निवृत्त झालेले, कडक गृहस्थ. बायांनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. मावशी म्हणाली, "आधी इचारू तर द्या, कावून केली म्हून."

ती त्यांच्या दाराशी गेली. मी सोबत होते. चौकटीला हात लावून तिनं विचारलं, "आत येऊ का?" भानुदासराव क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "या."

आत खाटेवर त्यांच्या बायको होत्या, ताराबाई. वर्षभरापासून अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. सोसायटीला हे माहीत होतं, पण आम्ही कुणी आत जाऊन पाहिलं नव्हतं. भानुदासराव म्हणाले, "गयाबाई, मला तुमच्या धंद्याचं काही नाही. ती मोटार सुरू झाली की हिला सहन होत नाही. एकदा तुमच्याकडच्या बाईला सांगून पाहिलं. तिनं हसण्यावारी नेलं."

मावशी खाटेजवळ खाली बसली. "ताराक्का, यंत्राचा तरास व्हतो का गं?" ताराबाईंनी डोळे गच्च मिटले आणि चांगला हात उचलून कानावर ठेवला. तेवढंच.

परत येताना रस्ता ओलांडल्यावर मावशी म्हणाली, "त्यो खरं बोलतोय." पडवीत येऊन तिनं मोटारीची पिन काढली, वायर गुंडाळली आणि ते भेंडोळं खुंटीला टांगलं. मोटार पुन्हा सुरू झालेली मी पाहिली नाही.

आता काम हातावर होऊ लागलं. पण खुलाशाचं राहिलंच होतं. पालिकेचे ओव्हरसियर पाहणीला येणार असं कळलं. मी पालिकेत जाऊन तिथल्या कारकुनाकडून नियम समजून घेतले. राहत्या घरात छोटा धंदा अगदीच करता येत नाही असं नव्हतं. घरच्या माणसांनी करावा, पगारी माणसं लावू नयेत, मोटार फार तर एक अश्वशक्तीची, आणि शेजाऱ्यांना उपद्रव नको. मी येऊन हे सांगितलं तशी बायांची टाळकी चालू लागली. घरची माणसं ना? मग आपण सगळ्या घरच्याच! कुणी नणंद झाली, कुणी जाऊ, कुणी भाची. दोन दिवस नात्यांची तालीम चालली. सुमनला मावशीची धाकटी बहीण केलं होतं. कोणी कोणाची कोण याचा इतका घोळ झाला की एक जण स्वतःच्याच सासूची सून व्हायला विसरली. मावशी ऐकत होती, शेवया पसरत होती, हो नाही की नाही नाही.

ओव्हरसियर आले. तरुण मुलगा, हातात फीत, घामाघूम. पडवी मोजली, मोटारीकडं बघितलं, लिहून घेतलं. मग बायांकडं वळून विचारलं, "या कोण?"

पहिली उत्साहानं म्हणाली, "मी भाची."

"न्हाई साहेब," मावशी म्हणाली. "ह्या माझ्या कुणीबी न्हाईत. कामाला येत्यात. मीच बोलावलंय."

एकीच्या हातातली परात खाली आपटली. ओव्हरसियरनं वही मिटली. त्यालाही ते जड गेलं असावं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही गप्प बसला असता तर मी जास्त विचारलं नसतं. आता मला लिहावं लागेल."

"ल्हिवा की. तुमी ल्हिवलं म्हून मी काय तुमच्यावर रागवायची न्हाई. पर एक सांगा. घरच्या बाईनं आपल्या घरात केलं तर चालतंय?"

"चालतं."

"म्हंजी हिनं हिच्या घरात, तिनं तिच्या घरात, मी माझ्या घरात?"

त्यानं वही पुन्हा उघडली. "हाताच्या यंत्रावर? त्याला कोण काय म्हणणार!"

"मंग झालं," मावशी म्हणाली. "बाई, ल्हिवून घ्या. साहेब, तुमी बी ल्हिवून घ्या. पंधरा दिवस हायेत नव्हं अजून?"

साहेब गेल्यावर बाया तिच्यावर तुटून पडल्या. भाची झालेली तर रडायलाच लागली. "तुमाला काय, तुमचं घर हाय, यंत्र हाय. आमच्या पोटावर पाय दिला तुमी." मावशी म्हणाली, "आज भाची झालीस. उंद्या कुणी कागूद मागितला तर? खोटं सांगून रानात बसलं की कवाबी उठिवत्यात." कुणाला पटलं, कुणाला नाही. दोघी जणी त्या दिवशी उठून गेल्या. त्यातली एक पुढं आठवड्यानं आली, दुसरी आलीच नाही.

मोठं यंत्र विकून हाताची यंत्रं आणली. पाटाला किंवा खाटेच्या कडेला आवळायची, दांडा फिरवायचा. घरोघर एकेक. माल विकायचा तर कुणाच्या नावानं, हा प्रश्न आला, आणि मावशीच्या डोक्यात सहकारी संस्था शिरली. कारखान्याच्या सभा तिनं अण्णांच्या तोंडून ऐकलेल्या. सभासद हा शब्द तिला लई आवडायचा. "मजूर म्हनलं की वाकावं लागतंय. सभासद म्हनलं की आपुन बसूनच बोलतो." अर्ज, पोटनियम, ठराव मी लिहिले. निबंधकाच्या कचेरीत आम्ही इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मावशीला पाहून स्वतःच "या, आत या" म्हणायला लागला. संस्था नोंदली गेली. कचेरी म्हणून पेठेत एक गाळा घेतला, कारण घरात कचेरी चालते का हे मावशीला पक्कं माहीत नव्हतं आणि विचारायला गेलो तर आणखी चार खेपा झाल्या असत्या.

सगळं नियमात बसलं. आणि पडवी रिकामी झाली.

याचा विचार कुणीच केला नव्हता. पहिल्या दिवशी मी शाळेतून आले तर दारात एकही चप्पल नाही. मावशी एकटीच दांडा फिरवत बसलेली. यंत्राचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. शीळ घालायचं कारण उरलं नव्हतं. ती आता रोज सकाळी घरोघर रवा पोचवायची, दुपारनंतर शेवया गोळा करायची आणि प्रत्येक दारात थांबून एकीचा निरोप दुसरीला सांगायची. निरोप म्हणजे काय, कुणी काय म्हणालं, कुणाच्या सासूनं काय केलं. पण नक्कल काही निरोपातून पोचत नाही. एकदा ती मला म्हणाली, "धंदा वाचला बाई. पर बाया परत भिताडाआड गेल्या. हे माझ्याच हातून झालं."

ती कुणाबद्दल बोलत होती ते मला माहीत होतं. सुमन दारातून निरोप घ्यायची, पण चेहरा बाहेर काढायची नाही. शेवया कमी यायला लागल्या, मग तुटक्या. नवरा दिवसभर घरी, आणि आता तीही दिवसभर घरी.

एका रविवारी दुपारी समोरच्या गल्लीत दाणकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आम्ही धावलो. सुमनचं यंत्र रस्त्यात पडलं होतं, दांडा वाकलेला. दारात तिचा नवरा उभा, तोंडानं शिव्या. आतून सुमनचं विव्हळणं ऐकू येत होतं. गल्लीतले दोघेतिघे पुरुष लांब उभे होते. मला वाटलं मावशी आता त्याला ढकलून आत घुसेल. ती उंबऱ्यापाशी गेली आणि थांबली. चौकटीला हात लावला. नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोठ्यानं विचारलं, "सुमन, आत येऊ का गं?"

आतला आवाज थांबला.

"माझं घर हाय," नवरा म्हणाला. "मला इचार."

"तुला न्हाई इचारलं. सुमन, आत येऊ का?"

आतून आलं, "या मावशी."

मावशी त्याच्या अंगावरून आत गेली. बाहेर आली ती सुमनचा हात धरून. सुमनची भुवई फुटली होती. दुसऱ्या हातात कपड्यांचं एक बोचकं. नवरा ओरडला, "कोन लागती ती तुमची? कोणत्या नात्यानं नेता?"

मावशी थबकली. खोटं तिला सुचत नसे. म्हणाली, "आज कुणी न्हाई. उंद्या लागंल."

तिनं ते केलं. भुवईला टाके घालून आणल्यावर सुमनला तिनं विचारलं, "ऱ्हातीस का इथं? आत्ताच सांगू नगं. जेवून सांग." सुमननं जेवण झाल्यावर सांगितलं. मग मावशी आणि अण्णा दोघं रेशनकार्डाच्या मागं लागले. सुमनचं नाव नवऱ्याच्या कार्डावरून कमी करायला त्याची सही हवी होती. ती आणायला अण्णा गेले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले अण्णा त्याच्या दारात सकाळपासून उन्हात बसून राहिले. काही बोलले नाहीत. दुपारी त्यानं वैतागून सही केली. "न्या एकदाची," म्हणाला. तहसीलमधल्या कारकुनानं नातं काय लिहू विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "एका चुलीवर जेवती. त्याला तुमच्यात काय म्हंत्यात ते ल्हिवा."

काही महिन्यांनी तेच ओव्हरसियर पुन्हा पाहणीला आले. पडवीत दोघी जणी यंत्रावर. त्यांनी विचारायच्या आधी मावशीनं ट्रंकेतून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, सुमनकडं पाहिलं. "आडनाव वेगळं आहे मावशी."

"व्हय. चूल एकच हाय."

त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. मावशीनं त्यांना बांधून दिलेल्या शेवया काही त्यांनी घेतल्या नाहीत, पण चहा घेतला, आणि जाताना समोरच्या घरात जाऊन भानुदासरावांना काही त्रास आहे का विचारून आले. भानुदासराव म्हणाले, नाही. मावशी दुपारची तासभर ताराबाईंपाशी जाऊन बसत असे, हे भानुदासरावांनी साहेबांना सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कारखाना लागला, चिमणी धुरानं भरली, पुरुष कामावर गेले. संस्था तरीही चालू राहिली. सुमन नववीपर्यंत शिकलेली होती. दिवसा यंत्र आणि संध्याकाळी माझ्या खोलीत गणित, असं करत ती बाहेरून दहावीला बसली आणि दुसऱ्या खेपेला पास झाली. माझी बदली अंबाजोगाईला झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी तिला तिथल्याच सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. मावशी तिला पोचवायला आली. मी दवाखान्याच्या फाटकाशी भेटले. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. सुमनला म्हणाली, "जा. मागं बगू नगंस," आणि सुमन खरंच मागं न बघता वसतिगृहाकडं गेली.

मी मावशीला जेवून जा म्हणाले. ती थांबली नाही. अण्णा एकटे आहेत म्हणाली. चौकातल्या थांब्यावर माजलगावची गाडी आली, मी तिला खिडकीजवळ जागा धरून दिली. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. संस्थेचंच काहीतरी असेल. गाडी सुरू झाली तसा मी हात वर केला. ती माझ्याकडं बघतच नव्हती. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून ती सीटवर पार उलटी वळून बसली होती आणि दवाखान्याचं फाटक दिसेनासं होईपर्यंत मान ताणून तिकडं बघत होती. शेजारची बाई तिला नीट बसायला सांगत होती. तिनं ऐकलं नाही.